अडासवाली गाडी, कोल्हापूरचे रस्ते आणि बिनड्रायव्हरची केएमटी

पीएम ई-बस सेवा योजनेतून कोल्हापूरला इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्यापासून आमच्या कट्ट्यावर एकच चर्चा: "आता पुढची केएमटी (महापालिकेची बस) बिनड्रायव्हरची!" विजेवर चालणं वेगळं आणि आपोआप चालणं वेगळं, हे सांगून दमलो. पण माझी गाडी अडासवाली (ADAS, म्हणजे रडार-कॅमेऱ्यानं ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा असलेली), म्हणून या विषयातला तज्ज्ञ मीच असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. तर आता पावसाळा आणि उसाचा हंगाम दोन्ही काढून झाल्यावर लिहितोय. गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही, या किमतीच्या बहुतेक गाड्यांत थोड्याफार फरकानं हेच मिळतं.

पुढच्या बंपरमध्ये रडार, आतल्या आरशामागं काचेला कॅमेरा. रडार पुढच्या वाहनाचं अंतर आणि वेग मोजतं, कॅमेरा रस्त्याचे पट्टे, गाड्या, माणसं ओळखतो. स्वयंचलित वाहनांच्या ० ते ५ अशा पायऱ्या असतात, त्यातली ही दुसरी. म्हणजे ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि थोडं स्टीअरिंग गाडी बघते, लक्ष आणि जबाबदारी मात्र आपलीच. हात काढला की जरा वेळानं बोंब मारते. कट्ट्यावरची मंडळी ज्या बसबद्दल बोलतात ती चौथ्या पायरीवरची, म्हणजे ठरावीक मार्गावर ड्रायव्हरशिवाय चालणारी.

माझा रोजचा रस्ता राजारामपुरीतून शाहू नाक्यावरून हायवे, गोकुळ शिरगाव आणि पुढं कागलची पंचतारांकित एमआयडीसी. हायवेवर पट्टे ताजे असतील तिथं अडॅप्टिव्ह क्रूझ म्हणजे खरंच सुख. ८० ला लावायचं, पुढचा ट्रक हळू झाला की आपणही हळू. संध्याकाळी घरी आल्यावर पाय भरून येत नाहीत. एकदा ब्रेक लाइट नसलेला टेम्पो अचानक थांबला, तेव्हा माझा पाय पेडलवर पोहोचायच्या आत गाडीनं ब्रेक मारला होता. त्या दिवसापासून ऑटोमॅटिक ब्रेकिंग मी कधी बंद केलेलं नाही.

लेन असिस्टचं, म्हणजे गाडी पट्ट्यांच्या मधे धरून ठेवण्याचं, मात्र अवघड आहे. सहापदरीकरणाच्या कामात जुने पट्टे अर्धवट खरवडलेले, नवे त्यांना छेदून गेलेले, मध्येच डायव्हर्जन. गाडी इमानदारीत जुना पट्टा धरते आणि थेट बॅरिकेडकडं ओढते. स्टीअरिंगशी कुस्ती खेळण्यापेक्षा बटण दाबून बंद करायचं.

खरी परीक्षा उसाच्या हंगामात. रात्रीची वेळ, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॉलीच्या बाहेर हात-दोन हात लोंबणारा ऊस. रडारला लोखंडी ट्रॉली कळते, तिच्या मागं आलेला ऊस कळेलच याची खात्री नाही. कॅमेऱ्याला कार, ट्रक, मोटारसायकल अशा ओळखी शिकवलेल्या असतात, अंधारात सरकणारा उसाचा ढीग त्यातल्या कशात बसवायचा? माझी गाडी कधी लांबूनच ओरडते, कधी गप्प. मला मात्र ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. त्याच्यावर लावलेल्या गाण्याचा दणका अर्ध्या किलोमीटरवरून येतो की! गाडीला त्याचा पत्ताच नाही.

गावात तर विचारू नका. महाद्वार रोड, गंगावेशीत ही यंत्रणा पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवते, आणि कोल्हापुरात अंतर ठेवणं म्हणजे "या, घुसा" म्हणणं. एक दुचाकी घुसते, गाडी ब्रेक मारते, मग दुसरी. मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नाही. बिंदू चौकात मान हलवून, हात दाखवून, डोळ्याला डोळा देऊन कोण आधी जाणार ते ठरतं. ही भाषा गाडीला येत नाही. जुलैच्या धो-धो पावसात आणि चिखलात तर नेमकी गरज असते तेव्हा "सेन्सर उपलब्ध नाही" असा संदेश देऊन मोकळी.

परदेशात बिनड्रायव्हरच्या बसचं काय झालंय ते बघण्यासारखं आहे. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळ मे २०२३ पासून पाच स्वयंचलित बस फोर्थ रोड ब्रिजवरून सुमारे २२ किलोमीटरच्या मार्गावर धावल्या. ड्रायव्हर सीटवर होताच, वर प्रवाशांसाठी आणखी एक माणूस. पुरेसे प्रवासी मिळेनात म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये सेवा थांबली. जपानमध्ये एइहेइजीला खरी चौथ्या पायरीची सेवा आहे, पण बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर, रस्त्यात पुरलेल्या मार्गदर्शक तारेवरून, ताशी १२ किलोमीटरनं. तिथंही २०२३ मध्ये गाडी उभ्या सायकलला धडकलीच. लास वेगासला नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्याच दिवशी पुढचा एक ट्रक रिव्हर्स घेत असताना विनाचालक बस नियमाप्रमाणं थांबली आणि थांबूनच राहिली, ट्रक येऊन टेकला. आपल्याकडं शेंबडं पोर पण ट्रकच्या फाळक्यावर थाप मारून "ओ, थांबा!" म्हणालं असतं.

त्यामुळं ड्रायव्हर काढायचा विषय मला सध्या फालतू वाटतो. गडकरींचा विनाचालक गाड्यांना विरोध आहे तो नोकऱ्यांसाठी, माझा बिंदू चौकासाठी. पण ड्रायव्हरच्या हाताखाली ही यंत्रणा द्यायला काय हरकत आहे? बसच्या डाव्या बाजूनं घुसणारी दुचाकी आरशात दिसत नाही, तिथं इशारा हवा. आपोआप लागणारा ब्रेक हवा, मात्र उभ्या प्रवाशांचा विचार करून जुळवलेला, नाहीतर पुढचा अपघात टळेल आणि आतली आजी पडेल. लेन असिस्ट नसला तरी चालेल.

आणि एक गोष्ट घेताना मला कुणी सांगितली नाही. हायवेवर खडी उडून काच तडकली. काच बदलली की कॅमेऱ्याची जुळवणी नव्यानं करावी लागते, त्याला वेगळी साधनं लागतात, वेगळे पैसे लागतात. एका वर्कशॉपनं नुसती काच बसवून गाडी हातात दिली, चार दिवस चुकीचे इशारे ऐकले, मग दुसरीकडं जाऊन करून घेतली. गाडी घेणाऱ्यांनी इन्शुरन्समध्ये हा खर्च धरलाय का ते आधी विचारावं. आणि उद्या केएमटीसाठी अशा बसचं टेंडर निघालंच, तर डेपोत ही जुळवणी कोण करणार ते त्यात पहिल्या पानावर लिहिलेलं असावं.