पायमोडीचं बटण कुणाचं?

डोंबिवलीतल्या आमच्या घरात टेबल एकच, अडीच फुटांचं. दिवसभर त्यावर माझं भाषांतराचं काम आणि रात्री दहानंतर चिरंजीवांचा वॅलोरंट हा गोळीबाराचा गेम. जुना 104 बटणांचा कीबोर्ड त्यातली 44 सेंटिमीटर जागा अडवून बसायचा आणि माउस भिंतीवर आपटायचा. म्हणून छोटा मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, घ्यायचं ठरलं. छोटा म्हणजे किती छोटा, याचा विचार मात्र केला नाही.

आधी आणला 61 बटणांचा. कंपनीचं नाव राहू दे. त्यात ब्लू स्विच होते, म्हणजे प्रत्येक बटणाला खटका. पहिल्याच रात्री सासूबाईंनी आतून विचारलं, "अगं, एवढ्या रात्री सुपारी कोण कातरतंय?"

आवाज एक वेळ चालला असता. पण 61 बटणांत बाणांना स्वतंत्र जागा नसते, ते दुसऱ्या बटणांच्या पोटात असतात. मी इनस्क्रिप्टवाली, म्हणजे देवनागरी टाइप करायची 1991 च्या सरकारी मानकातली मांडणी. तिच्यात "य" असतो उजव्या शिफ्टजवळच्या तिरप्या रेघेच्या बटणावर आणि या कीबोर्डात वरचा बाण नेमका तिथेच. एफएन (बटणांचं दुसरं काम चालू करणारं बटण) आणि एंटर चुकून एकत्र दाबले गेले की ते बटण बाण होऊन बसायचं. "कार्यालय" लिहायला जावं, तर "कार्" उमटायचं, कर्सर टुणकन वरच्या ओळीत जायचा आणि पुढचा काना नि ल तिथल्या भलत्याच वाक्यात जाऊन पडायचा. सरकारी परिपत्रकाचं भाषांतर, त्यात "कार्यालय" किती वेळा येतं विचारू नका. तीन आठवड्यांत तो कीबोर्ड शेजारच्या मुलाला देऊन टाकला. तो इंग्रजीतच टाइप करतो, खूश आहे.

मग घेतला कीक्रॉन के6. बटणं 68, रुंदी साधारण 31 सेंटिमीटर, आणि चार बाण आपापल्या जागी. सातच बटणं जास्त, पण माझा जीव त्या सातांत होता. ब्लूटूथवर तीन उपकरणं जोडता येतात. मी लॅपटॉप आणि टॅब जोडलेत. गेमसाठी मात्र चिरंजीव केबलच लावतो, ब्लूटूथवर हात मागे पडतो म्हणे. घेताना एक बघा: हा मॉडेल दोन प्रकारांत येतो, स्विच डाग देऊन पक्के बसवलेला आणि स्विच उपसून बदलता येणारा. दुसराच घ्या. का, ते सांगते.

मी ब्राउन स्विच निवडले. बटण एकूण 4 मिलिमीटर खाली जातं, पण 2 मिलिमीटरच्या आसपासच अक्षर उमटतं आणि तिथे बोटाला बारीकसा उंचवटा लागतो. तळापर्यंत ठोकायची गरज नाही. चिरंजीवाला हवे होते रेड, सरळ लोण्यासारखे खाली जाणारे. त्याने दहा रेड स्विच वेगळे मागवले आणि गेममध्ये चालायची चार बटणं, डब्ल्यू, ए, एस, डी, मला न विचारता बदलून टाकली.

इनस्क्रिप्टमध्ये ही चार बटणं म्हणजे ऐकार, ओकार, एकार आणि पायमोडी. पहिल्या तिघांचं काही वाटलं नाही. पण डी! एक "स्त्री" लिहायची तर सहा वेळा बटणं दाबायची, त्यात दोनदा डी. शिवाय डाव्या हाताचं मधलं बोट विसावतं तेही तिथेच. रेड स्विचवर ते बोट नुसतं टेकलं तरी अक्षराचा पाय मोडायचा. दुपारपर्यंत माझ्या मजकुरात निम्मी अक्षरं लंगडत होती.

संध्याकाळी मीच चिमटा घेऊन डी उपसला आणि ब्राउन परत बसवला. पहिल्यांदा एक पिन वाकली, बटण मेलं. भुवयांच्या चिमट्याने ती सरळ केली, मग चाललं. बसवताना स्विच सरळ धरून दाबायचा, घाई करायची नाही. उजवीकडे सरकताना अडखळतं, अशी कुरकुर दोन दिवस झाली. मी म्हटलं, वीजबिल कोण भरतं? तेव्हापासून तीन रेड, बाकी सगळे ब्राउन.

वरच्या डाव्या कोपऱ्यात फक्त एस्केप आहे, तिथलं बॅकटिक, म्हणजे उलट्या अवतरणाचं चिन्ह, एफएनमध्ये गेलंय. कोड लिहिणाऱ्यांना ते खटकेल, मराठीला त्याच्यावाचून काही अडत नाही. आकड्यांचं पॅड नाही, महिन्याला चार बिलं करायला मला वरची ओळ पुरते. हिशेबनीस असाल तर हा आकार तुमच्यासाठी नाही.

बटणांवर देवनागरी अक्षरं छापलेली नाहीत, तेव्हा इनस्क्रिप्ट बोटांत बसलेली हवी. आणि घरात दोघं वापरणार असाल तर उठताना भाषा बदलून उठा. मी विसरले होते. चिरंजीवाने सामना संपल्यावर मित्रांना शाबासकी म्हणून दोनदा जी दाबून पाठवलं, तिकडे पोहोचले दोन ऱ्हस्व उकार. मित्र त्याला अजून उकार्‍या म्हणतात.