अपोस्टिल की कॉन्सुलेट? नाशिकला पाठवायच्या पॉवर ऑफ ॲटर्नीसाठी काय बरं पडतं

परदेशात बसून नाशिकचा फ्लॅट विकायचा म्हटलं की पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) आलीच, आणि ती कुणाच्या नावानं करायची हे घरात एकदाचं ठरलं की पुढचा प्रश्न, नोटरी आणि अपोस्टिल (नोटरीची सही खरी असल्याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र) करून पाठवायची की भारतीय कॉन्सुलेटमधून अटेस्ट करून घ्यायची. मी कॅलिफोर्नियात असताना दोन्ही करून बघितलंय. इंदिरानगरचा फ्लॅट विकला तेव्हा दादाच्या नावानं अपोस्टिलवाली पाठवली, आणि नंतर दिंडोरीच्या जमिनीच्या वाटणीला कॉन्सुलेटवाली. आता परत नाशिकला आलोय आणि मावसबहिणीचा मुखत्यार म्हणून मीच इकडच्या काउंटरवर उभा असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडंफार कळतं एवढंच.

आधी कायद्याचं सांगतो, कारण त्यावरून लोक उगाच घाबरवतात. नोंदणी कायदा १९०८, कलम ३३. लिहून देणारा भारतात राहत नसेल तर नोटरी पब्लिक, कोर्ट, जज, मॅजिस्ट्रेट, भारतीय कॉन्सुल किंवा व्हाइस कॉन्सुल, नाहीतर केंद्र सरकारचा प्रतिनिधी, यातल्या कुणाहीसमोर सही करून प्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र चालतं. म्हणजे कायद्यानं नोटरी आणि कॉन्सुल एकाच पंगतीत बसलेत. अपोस्टिल त्या नोटरीच्या सहीचा खरेपणा सांगतं, १९६१ च्या हेग करारानुसार, जो भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे. तेव्हा ‘नाशिकला अपोस्टिल चालतच नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मनावर घेऊ नका.

काहींना मुळात चॉइसच नाही. दुबई-शारजावाल्यांनी अपोस्टिलचं पुढचं वाचलं नाही तरी चालेल, यूएई त्या करारातच नाही. जर्मनी करारात आहे पण भारताच्या प्रवेशाला त्यांनी हरकत घेतलेली, त्यामुळे तिथून अपोस्टिलचा उपयोग नाही. कॅनडावाल्यांना ११ जानेवारी २०२४ पासून हा रस्ता उघडलाय.

सोयीचं म्हणाल तर अपोस्टिल खूपच सोपं. कॅलिफोर्नियात नोटरी कोपऱ्यावर मिळतो, एका सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर, मग सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिल २० डॉलर, पोस्टानं पाठवा नाहीतर सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिसला जाऊन वर थोडे पैसे भरून हातोहात घ्या. अपॉइंटमेंटची झंझट नाही, कुणी फोटो मोजत बसत नाही. कॉन्सुलेटचं तसं नाही. फॉर्म, पासपोर्टच्या कॉप्या, पत्त्याचा पुरावा, साक्षीदार, फोटो, आणि प्रत्येक कॉन्सुलेटची चेकलिस्ट आपली आपली. माझे कागद एका फोटोच्या मापावरून परत आले होते, तेव्हा मी जे काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. (आणि गंमत बघा, ज्या पासपोर्टच्या कॉप्या मागतात तो छापतात कुठं, तर आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.)

एवढं असूनही मी आज कॉन्सुलेटकडे झुकतो, त्याचं कारण एक चौकट.

कॅलिफोर्नियाचा नोटरी जे सर्टिफिकेट जोडतो त्याच्या डोक्यावर कायद्यानं एक चौकोन छापावाच लागतो. त्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं की नोटरीनं फक्त सही करणाऱ्याची ओळख तपासली आहे, कागदातला मजकूर खरा, अचूक किंवा वैध आहे का ते तपासलेलं नाही. तिथं याचं कुणाला काही वाटत नाही. पण आमच्या खरेदीदाराचं होम लोन होतं, आणि बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी नेमकी तीच ओळ पेन्सिलनं अधोरेखित करून फाइल परत पाठवली. तिकडे माझी मध्यरात्र आणि दादाचा फोन, ‘अरे, तुझ्याच कागदावर लिहिलंय की हा कागद वैध आहे का ते आम्ही बघितलं नाही म्हणून, मी आता त्यांना काय सांगू?’ बरं, पुढचं पान उलटलं तर अपोस्टिलवरही तसलंच काहीतरी, हे फक्त सहीपुरतं आहे, मजकुराशी संबंध नाही. खरं तर कॉन्सुलही तुमच्या मजकुराची हमी घेत नाही, पण त्याच्या कागदावर असा चौकोन नसतो ना, तिथं सिंहमुद्रेचा गोल शिक्का असतो आणि तो बघितला की समोरचा माणूस पान उलटतो.

शेवटी आमच्या वकिलांनी कलम ३३ आणि एव्हिडन्स ॲक्टचं कलम ८५ दाखवून पत्र दिलं (नोटरी किंवा कॉन्सुलसमोर केलेलं मुखत्यारपत्र रीतसर झालंय असं धरून चालायचं, असं सांगणारं कलम, तेच आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ८४ झालंय), तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. काम झालं, नाही असं नाही, पण तोवर खरेदीदार पाथर्डी फाट्याला दुसरे फ्लॅट बघायला लागला होता, आणि दादानं कामधंदा सोडून सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्टँडच्या) त्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधत किती हेलपाटे घातले ते त्यालाच माहीत. दिंडोरीच्या वेळी कॉन्सुलेटचा कागद गेला तर एका शब्दानं कुणी विचारलं नाही. आता माझ्या दोन अनुभवांवरून नियम होत नाही हे मान्य, आणि ज्या देशातल्या सर्टिफिकेटवर असला चौकोन नसेल तिथं अपोस्टिल बिनधास्त जात असेलही.

इकडं आल्यावरचं काम दोन्हीला सारखंच. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं, त्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसला अभिनिर्णयाचा (म्हणजे शुल्क किती लागतं ते ठरवून घ्यायचा) अर्ज. कुरियरचं तारखेचं पाकीट फेकू नका, कधी पोचलं त्याचा पुरावा तोच. मोबदला न घेता जवळच्या नातेवाइकाला दिलेलं असेल तर ५०० रुपयांत भागतं, मुखत्यार परका किंवा बिल्डर असेल तर ड्युटीचं गणित बदलतं, ते वकिलाला विचारा. शिवाय खरेदीखताच्या वेळी मुखत्याराला घोषणापत्र द्यावं लागतं की मुखत्यारपत्र लिहून देणारा हयात आहे आणि ते रद्द केलेलं नाही.

वर्षातून एखादी चक्कर होणार असेल तर तिसरा मार्गही आहे, सुट्टीत इथं आल्यावर सब-रजिस्ट्रारसमोर करून टाकायचं. ते जमलं तर हे सगळं बाजूला ठेवा.

माझं मत विचाराल तर, कागद नुसता सोसायटीत किंवा महावितरणच्या बिलावरचं नाव बदलायला दाखवायचा असेल तर अपोस्टिल पुरे, कशाला त्या अपॉइंटमेंटच्या मागे लागता. पण विक्री असेल आणि घेणारा लोन काढणार असेल तर कॉन्सुलेटचा वैताग तुम्ही तिकडे एकदाच सोसा, नाहीतर तो इथं दादासारख्या कुणाच्या तरी गळ्यात पडतो. अपोस्टिलच करणार असाल तर मुखत्याराला एक बजावून ठेवा, झेरॉक्सवाल्याला अपोस्टिल जोडलेली ती स्टेपल काढू देऊ नको, पानं सुटी झाली की नवीन शंका सुरू. आणि मसुदा दोन्हीकडे नाशिकच्या वकिलाकडून करून घ्या, गट नंबर आणि फ्लॅट नंबर इंडेक्स टूवर (नोंदणीच्या उताऱ्यावर) आहे तसाच्या तसा, आणि सही करायच्या आधी त्याचा फोटो बँकेच्या वकिलाला दाखवून घ्या.