73 भोकांचं बिल

आमच्या आंब्याच्या बुंध्यावर 31 भोकांचे वण आहेत. मोजलेत, कारण झाडांवर इलाज करतो म्हणून दारावर आलेल्या एका माणसाने प्रत्येक भोकामागे 40 रुपये लावले होते.

आम्ही ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात राहतो. घर जुनं, मागे ऐसपैस अंगण. त्यात सासऱ्यांनी लावलेला लंगडा जातीचा आंबा, एक कडुनिंब, पेरू आणि लिंबू. इकडची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: जानेवारीत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, धुकं दुपारपर्यंत हटत नाही, आणि एखाद्या रात्री पाला पडतो. पाला म्हणजे पानं नव्हेत हो, गोठलेलं दव! पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आमची मराठी अशी झाली आहे. तर हा माणूस आला त्याच्या आदल्या वर्षी या पाल्यात आमची फळाला आलेली पपई एका रात्रीत काळी पडून बसली होती. ते दुःख ताजं होतं आणि मी ते दारावर येणाऱ्या कोणालाही सांगत सुटले होते. त्यालाही सांगितलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, कोजागिरी होऊन चार-सहा दिवस झाले होते. खाकी जाकीट, गळ्यात प्लास्टिकमध्ये बसवलेलं ओळखपत्र, हातात ड्रिल. "माताजी, ठंड से पहले पेड़ों का इलाज करा लो. सरकारी नर्सरी में बीस साल काम किया है." ओळखपत्र मी वाचलं नाही. त्याच्यावर शिक्का होता एवढं आठवतंय.

माणूस अगदीच अडाणी नव्हता, आणि तिथेच मी फसले. आंब्याच्या सालीतून डिंक गळत होता तो त्याने बरोबर ओळखला. बुंध्याशी पडलेला लाकडाचा भुसा दाखवून खोडकिडा असल्याचं सांगितलं. तेही खरंच होतं. मग एका भोकात तार घातली, क्षणभर माझ्याकडे पाठ केली आणि वळून माझ्या तळहातावर एक जाडजूड, पांढरी, वेटोळी अळी ठेवली. "ऐसी सैकड़ों हैं अंदर. जनवरी में पेड़ बैठ जाएगा."

माझं अवसानच गळालं. पडवीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्यांच्या हातचं झाड आहे ते. काय लागेल ते कर." मी अळीचा फोटो काढून पुण्याला मुलाला पाठवला. तो मीटिंगमध्ये होता.

भाव विचारला. छाटणी झाडामागे 300, बुंध्याला लावायच्या औषधाचे 500, आणि "इंजेक्शन चालीस रुपये." चार झाडं, चार इंजेक्शनं, 160 रुपये, असा हिशेब मनातल्या मनात करून मी आत गेले. कशाला? तर त्याच्यासाठी चहा टाकायला.

बाहेर आले तेव्हा त्याची दोन पोरं झाडांवर चढली होती. आंब्याचा शेंडा उतरवलेला, कडुनिंबाच्या हाताएवढ्या जाड फांद्या खाली पडलेल्या. "हलका कर दिया, सर्दी में पेड़ बोझ नहीं सहता." गल्लीत टेंपो आधीपासूनच उभा होता. लाकडं त्यात गेली. लाकडाचे खरं तर त्यानेच मला पैसे द्यायला हवे होते, हे टेंपो वळणावरून दिसेनासा झाल्यावर सुचलं.

हिशेब असा निघाला: आंब्याला 31 भोकं, कडुनिंबाला 22, पेरूला 11, बिचाऱ्या लिंबाला 9. एकूण 73 इंजेक्शनं, 2920 रुपये. छाटणीचे 1200 आणि औषधाचे 500 धरून 4620. मी वाद घातला, तोवर ती दोन पोरं फाटकात येऊन उभी राहिली. मोबाइलवरून पैसे घ्यायला तयार नाही, रोखच हवेत. शेवटी 4000 वर सुटका झाली. बुंध्याला फासलेल्या निळ्या औषधावर सासूबाईंनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर धुण्याची नीळ!"

एवढ्यावर मी गप्प बसले असते तरी एक घर वाचलं असतं. पण नोव्हेंबरात छाटलेल्या आंब्याला तांबूस, कोवळी पालवी फुटली, आणि मला वाटलं, इलाज लागू पडला. शेजारच्या वहिनींना मी स्वतः त्याचा नंबर दिला. त्यांचे 2200 गेले.

जानेवारीत पाला पडला आणि ती सगळी कोवळी पालवी करपली. फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लीतले आंबे मोहोरले, आमच्या झाडावर मोहोराची एक काडी नाही. तेव्हा ओळखीतले एक निवृत्त फळबागतज्ज्ञ येऊन गेले. फोनवरचा फोटो पाहून त्यांना हसू आवरेना. "पाय मोजा," म्हणाले. सहा होते. ती हुमणी निघाली, शेणखताच्या खड्ड्यात मिळते ती. आंब्याच्या खोडकिड्याच्या अळीला पायच नसतात, ती लांबट असते आणि अशी वेटोळं करून पडत नाही. म्हणजे हुमणी त्याच्या मुठीतून आली होती. खऱ्या किड्यासाठी भोकातला भुसा तारेने काढून पेट्रोलात बुडवलेला कापसाचा बोळा आत सारायचा आणि चिखलाने तोंड लिंपायचं. किडा होता दोन भोकांत. बाकीची जखम आम्ही पैसे देऊन करून घेतली.

मोहोराचं कारण ऐकून तर स्वतःचाच राग आला. आंब्याला मोहोर येतो तो जून झालेल्या काडीच्या टोकाला, आणि त्याची तयारी झाडाच्या आत ऑक्टोबरपासून सुरू होते. त्या दिवसांत शेंडे छाटणं म्हणजे मोहोरच छाटणं. छाटायचं ते फळं उतरल्यावर, जुलैत, आणि तेही वाळलेलं, रोगट, एकमेकांवर घासणारं तेवढंच. वर थंडीच्या तोंडावर फुटलेली कोवळी पालवी पाल्याला आयतीच सापडते. त्यामुळे या दिवसांत युरियाही नको.

खरं म्हणजे इथल्या थंडीत मोठ्या झाडाला फारसं काहीच लागत नाही. जपावं लागतं ते दोन-तीन वर्षांच्या रोपांना आणि पपईला. त्यांच्यावर गवताचा आडोसा करायचा, आग्नेयेची बाजू उन्हासाठी उघडी ठेवायची, आणि आभाळ निरभ्र, वारा पडलेला असेल त्या संध्याकाळी हलकं पाणी द्यायचं. आंब्याला नोव्हेंबरअखेर एक काम असतं. जमिनीपासून फूटभर वर बुंध्याला 400 गेजच्या प्लास्टिकची वीतभर रुंद पट्टी घट्ट बांधायची आणि खालच्या कडेला ग्रीस लावायचं. डिसेंबर-जानेवारीत मातीतून निघणारी पिठ्या ढेकणाची पिल्लं वर चढू पाहतात, ती तिथून घसरतात. बुंध्याला लावायचा बुरशीनाशक लेप, म्हणजे बोर्डो पेस्ट, मी आता घरीच करते: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत विरघळवायचं, लोखंडी बादली चालत नाही. दोन्ही एकत्र केल्यावर लोखंडी खिळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

दारावर असा माणूस आला तर भाव झाडाचा की भोकाचा, हे आधी कागदावर लिहून घ्या. आणि अळी काढताना तो पाठ करू लागला, तर त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहा.

वहिनींनी तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. या उन्हाळ्यात आमच्या लंगड्याला जेमतेम 14 आंबे लागले. त्यातले 7 पिशवीत घालून मी त्यांच्या दारात गेले. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "इंजेक्शनवाल्या झाडाचे का गं?" एवढंच विचारलं, आणि पिशवी आत नेली.