क्रूझचा शेवट: जेनोवा की बार्सिलोना?

भूमध्य समुद्रातील क्रूझ इटलीतील जेनोवा आणि स्पेनमधील बार्सिलोना यांपैकी कोठे संपवावी, असा प्रश्न पडलेल्यांनी प्रथम सामानाचा विचार करावा. जेनोवात प्रिन्चिपे रेल्वे स्थानक धक्क्यापासून चालत गाठता येते. बार्सिलोनाच्या लांबलचक आदोसात धक्क्यावरून मात्र बस किंवा टॅक्सीच सोयीची. पायपिटीचे गणित उलटे आहे: बार्सिलोनाची गॉथिक वस्ती, म्हणजे जुना मध्ययुगीन भाग, सपाट आहे, तर डोंगरउतारावरच्या जेनोवात गुडघ्यांची परीक्षा होते, जरी पोर्तेल्लो चौकातील जुनी लिफ्ट थेट कास्तेलेत्तो या उंचावरील वस्तीच्या सज्जावर नेऊन राखाडी पाटीदगडी छपरांपलीकडचे बंदर आणि १५४३ सालचा दीपस्तंभ दाखवते. सोबत वृद्ध असतील किंवा लांबचे विमान पकडायचे असेल, तर बार्सिलोना निवडावे. जुने बंदरशहर गल्लीबोळांतून निवांत पाहायचे असेल, तर माझे मत निःसंशय जेनोवाला.