नारी सुवर्णाचा मेंढा घ्यावा का? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

बरेच जण विचारतात की फलटणच्या निंबकर संस्थेचा, म्हणजे नारीचा सुवर्णा मेंढा आणून फायदा होतो का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. आमची मेंढरं सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, निम्मं वर्ष गावातच बंदिस्त आणि उरलेलं जवळपासच्या रानात चारायला. लांब कोकणात जाणारा वाडा (मेंढरांचा फिरता कळप) आमचा नाही, आणि हे आधीच सांगतोय कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे.

आधी मेंढ्यात विशेष काय ते. आपल्या दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू होतं, जुळं झालं तर वाड्यावर बातमी. बंगालात सुंदरबनच्या दलदलीत गॅरोल नावाची बुटकी मेंढी असते, पूर्ण वाढलेली जेमतेम दहा-पंधरा किलोची, पण तिला जुळी-तिळी नेहमीची. कारण तिच्या अंगातला एक जीन, फेकबी. तो असला की एका माजात जास्त बीजं सुटतात. हा जीन फार फिरून आलाय बरं का, 1790 च्या दशकात कलकत्त्याहून बंगाली मेंढरं जहाजातून ऑस्ट्रेलियात गेली, तिथे न्यू साउथ वेल्समधल्या बुरूला नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या भरपूर कोकरं देतात म्हणून जगभर गाजल्या आणि नेमका कोणता जीन ते 2001 मध्ये सापडलं. मूळ मात्र आपल्याच देशातलं.

नारीवाल्यांनी गॅरोल फलटणला आणली, लोणंदच्या दख्खनीशी संकर केला, पुढे मडग्याळ या मोठ्या, उंच जातीचं रक्त घातलं. आता संकर म्हटलं की लोकांना वाटतं अर्धी उंची गेली, पण तसं नाही केलं त्यांनी. प्रत्येक पिढीत कोकरांचं रक्त तपासायचं, जीन असलेलीच ठेवायची आणि ती परत मोठ्या जातीवर लावायची, असं करत करत अंगकाठी आपल्याकडची राहिली आणि बंगालचा फक्त तो जीन राहिला. ऑस्ट्रेलियातली युनिव्हर्सिटी आणि पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पण यात होती. वर्षानुवर्षं चिकाटीनं केलेलं काम आहे हे, आणि ते आपल्या जिल्ह्यात झालं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता वापरण्याबद्दल. सगळ्यात महत्त्वाचं, मेंढा आणला की लगेच जुळी होणार नाहीत!! किती जण इथेच नाराज होतात. जुळी होणार की नाही हे मेंढीच्या अंगातल्या जीनवर ठरतं, मेंढ्याच्या नाही. म्हणजे तुम्ही मेंढा लावला, पाच महिन्यांनी तुमच्या साध्या मेंढ्यांना नेहमीसारखं एकेक कोकरू होणार, त्यातल्या माद्या मोठ्या होणार, त्या गाभण जाणार आणि त्या व्यायल्या की मग जुळी दिसणार. दोन वर्षं धरूनच चाला. तेवढा धीर नसेल तर पैसे घालू नका.

दुसरं, मेंढा घेताना तो सिंगल आहे की डबल ते विचारा. डबल म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती, त्याची सगळी कोकरं जीन घेऊनच जन्मतात. सिंगलची निम्मीच. आणि हे बाहेरून अजिबात कळत नाही, ना रंगावरून ना नाकावरून ना अंडावरून. मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढून लॅबमध्ये तपासणी होते तेवढाच पुरावा. बाजारात एकाने आम्हाला "डबल जीनचा आहे, डोळे झाकून न्या" म्हणून मेंढा दाखवला होता, कानात बिल्ला नाही, रिपोर्ट नाही, तर आम्ही तसंच परत आलो. बिल्ल्याचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे का हे समोर उभं राहून बघा.

आमच्या मेंढ्याच्या लेकी आता विताहेत. सगळ्यांना जुळी होत नाहीत, कोणाला एक कोणाला दोन, क्वचित तीन, पण निम्म्याच्या आसपास मेंढ्या जुळी देतात असं आमच्याकडे दिसतंय. आण्णा (चुलते) सुरुवातीला म्हणायचे, "जुळी म्हंजी दोन्ही बारकी, दूध पुरायचं न्हाई, दोन्ही जात्यात." त्यांचं म्हणणं फिरत्या वाड्याच्या अनुभवातून आलेलं आहे आणि तिथे ते खरंच आहे, रोज मैलोनमैल चालणाऱ्या मेंढीला दोन पिल्लांचं दूध कुठून येणार आणि तेवढी कोकरं घोड्यावर बांधून न्यायची तरी किती.

पण खुराक देता येत असेल तर चित्र वेगळं. गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना मका-भरडा आणि पेंड चालू करायची, कडब्यावर भागत नाही. व्यायच्या वेळी माणूस जवळ पाहिजे. आमच्याकडे एक मेंढी पहिलं कोकरू चाटत बसली आणि दुसऱ्याला डोक्यानं ढकलायला लागली, ते बारकं, ओलं, थरथरत पडलेलं. मग आईनं पहिल्याच्या अंगावरचा चिकटा दुसऱ्याला चोळला, मेंढीला धरून ठेवलं आणि त्याच्या तोंडात सड देऊन चीक पाजला, दिवसभर असंच केल्यावर मेंढीनं घेतलं त्याला. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला की बारकं कोकरू पण तगतं. तिळं झालं तर तिसऱ्याला बाटलीनं शेळीचं दूध, नाहीतर नुकतीच एकच कोकरू व्यालेल्या मेंढीला लावायचं. आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन मेंढरं दगावतात तो रोग) लस पावसाळ्याआधी, ती चुकवायचीच नाही.

एकेका कोकराचं वजन जुळ्यात कमी भरतं हे खरं, पण मेंढीमागे विकायला निघणारं एकूण वजन जास्त होतं आणि हिशोब तिथे बघायचा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो खुराकाच्या खर्चासाठी. फिरता वाडा असेल तर सध्या घेऊ नका, किंवा घेतलाच तर सिंगल मेंढा थोड्या मेंढ्यांवर लावून बघा. बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त असेल तर डबलच घ्या.

आणि एक, त्याच मेंढ्याला त्याच्या लेकींवर सोडू नका, रक्त जवळ येतं आणि पिल्लं कमजोर निघतात. लेकी वयात यायच्या आत तो दुसऱ्या गावातल्या मेंढपाळाला द्या आणि लेकींवर चांगला उंच मडग्याळ लावा, निम्म्या कोकरांत जीन येईल, माद्यांचं रक्त तपासून त्यातल्याच ठेवायच्या. आमचा मेंढा लेकींपासून वेगळा ठेवलाय, तो आता याच कारणानं द्यायचा आहे, बिल्ला आणि रिपोर्टसकट, माण-खटावकडचं कोणी असेल तर मेसेज करा.