वॉरंटी संपली आणि इंजिन बसलं: कंपनी, ग्राहक आयोग की बाहेरचं गॅरेज?

समजा, तीन वर्षांची वॉरंटी संपून चार महिने झालेत, मीटरवर 62,000 किलोमीटर आहेत आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग फिरून इंजिन ठोकायला लागलंय. अशा वेळी पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. त्याआधी हे बघा की कुठल्या वाटेने गेल्यावर मागे फिरता येतं. कंपनीने नकार दिला तर आयोगात जाता येतं, आयोग नको वाटला तर बाहेर काम काढता येतं. उलट्या क्रमाने मात्र जमत नाही. बाहेरच्या गॅरेजात एकदा ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरला की कंपनी म्हणते, आत कोणी काय केलं आम्हाला काय माहीत. आणि त्यावर आपल्याकडे उत्तर नसतं.

म्हणून आवाज ऐकवण्यासाठी गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करू नका. फिरलेलं बेअरिंग दर मिनिटाला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, खात असतं. टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि जॉबकार्डवर चार गोष्टी लिहून घ्या: किलोमीटर, डिपस्टिकवरची ऑइलची पातळी, स्कॅनरवर आलेले कोड आणि तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत. इंजिन खोलायची मजुरी किती आणि काम तिथे केलं नाही तर गाडी उभी ठेवायचं भाडं किती, हेही आधीच विचारा. नंतर याच आकड्यांवर भांडण होतं. चेंबर उतरवताना हजर राहून बेअरिंगचे शेल, ऑइलची जाळी आणि चेंबरचा तळ यांचे फोटो काढा.

त्या जाळीवर बरंच ठरतं. ती काळ्या चिखलाने बुजलेली असेल तर कंपनी ऑइल बदलण्याच्या तारखा मागणार, आणि एक सर्व्हिस चुकलेली असेल तर दावा लंगडा पडतो. कूलंट संपून हेड वाकलं असेल तरी तेच. जाळी स्वच्छ, सर्व्हिसची बिलं सलग आणि तरीही बेअरिंग, चेन टेन्शनर किंवा पिस्टन गेला असेल, तर बाजू भक्कम. पाण्यातून गाडी नेऊन इंजिन लॉक झालं असेल तर कंपनीच्या मागे लागूच नका. तो विमा कंपनीचा विषय आहे, तोही इंजिन संरक्षणाचं जोडकलम घेतलं असेल तरच.

कंपनीकडे गुडविल मागणं

गुडविल म्हणजे वॉरंटी संपल्यावरही कंपनीने दुरुस्तीच्या खर्चात दिलेली सवलत. हा हक्क नाही, कंपनीची मर्जी आहे. म्हणून आरडाओरडा इथे कमी चालतो. निर्णय सहसा डीलरच्या हातात नसतो. प्रस्ताव तो पाठवतो, मंजुरी कंपनीकडून येते. त्यामुळे डीलरला ‘गुडविलचा प्रस्ताव पाठवा’ असं ईमेलवर सांगा आणि त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार क्रमांक घ्या. पत्र एका पानाचं पुरे: चासी क्रमांक, खरेदीची तारीख, सर्व्हिसची तारीखवार यादी, बिघाडाचं कारण डीलरच्याच शब्दांत, फोटो आणि नेमकी मागणी. ‘काहीतरी करा’ लिहिलं की काहीतरीच मिळतं. ‘सुटे भाग पूर्ण आणि मजुरी निम्मी’ असं लिहा.

उत्तर आलं की टक्केवारीला भुलू नका. समजा अंदाजपत्रक 2,40,000 रुपयांचं आहे, त्यात भाग 1,90,000 आणि मजुरी 50,000. ‘50 टक्के सूट’ फक्त भागांवर असेल तर वाचतात 95,000 आणि खिशातून जातात 1,45,000. म्हणजे सूट 40 टक्क्यांच्या आसपास. पहिला देकार शेवटचा समजू नका, एकदा लेखी फेरविचार मागा. बसवलेल्या भागांवर किती महिन्यांची हमी आहे तेही बिलावर लिहून घ्या. आणि सूट घेताना ‘यापुढे कुठलीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितली, तर ती दिल्यावर आयोगाची वाट जवळपास बंद होते हे लक्षात घेऊनच करा.

याच सुमारास चासी क्रमांकावर रिकॉल आहे का, म्हणजे सदोष भागासाठी कंपनीने त्या गाड्या परत बोलावल्यात का, ते तपासा. असला तर ते काम फुकट करणं कंपनीवर आहे, वॉरंटी संपली असली तरी.

ग्राहक आयोग

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही वेळा तेवढ्यावरच कंपनी हलते. जिल्हा आयोगात 50 लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीची तक्रार जाते. फी दुरुस्तीच्या खर्चावर नाही, मोजलेल्या किमतीवर ठरते: 5 लाखांपर्यंत शून्य, 10 लाखांपर्यंत 200, 20 लाखांपर्यंत 400 रुपये. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येतं, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कंपनीशी पत्रापत्री चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

अडचण पुराव्याची. उत्पादनातला दोष आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावं लागतं, म्हणून जुने भाग डीलरकडे सोडू नका. तपासणी लागणाऱ्या तक्रारीसाठी कायद्यात पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त धरून चाला. तोवर गाडी उभी ठेवणं परवडत नसेल, तर तज्ज्ञाची तपासणी आधी उरकून मग दुरुस्ती करा.

बाहेरचं गॅरेज

गाडी आठ-दहा वर्षांची असेल, सर्व्हिस बाहेरच होत आली असेल, तर कंपनीच्या दारात महिना घालवण्यात अर्थ नाही. सरळ बाहेर काम काढा. पण स्वस्त काम बहुतेकदा एकाच कारणाने फसतं: बेअरिंगचा चुरा ऑइल कूलर, ऑइलचे मार्ग आणि टर्बोच्या पाइपात राहतो आणि नवं बेअरिंगही खातो. कूलर नवा, ऑइल पंप नवा, ब्लॉकचे प्लग काढून आतून सफाई, हे अंदाजपत्रकात नसेल तर ते काम अर्धवट आहे. क्रँक मोजून 0.25 मिमी अंडरसाइज, म्हणजे मूळ मापाहून तेवढा बारीक, ग्राइंड करता येतो, मात्र कंपनी त्या मापाचं बेअरिंग देते का ते लेथवर टाकण्याआधी विचारा; काही इंजिनांना नवा क्रँकच लागतो. रॉडचे आणि हेडचे ताणून बसणारे बोल्ट पुन्हा वापरू देऊ नका. पहिलं ऑइल 1,000 किलोमीटरला बदला आणि जुना फिल्टर कापून चकचकीत कण आहेत का बघा.

जुनं इंजिन बसवायचं असेल तर विक्रेत्याचं बिल आणि त्या इंजिनाच्या मूळ गाडीचे कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन क्रमांक बदलतो, म्हणून आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद, मग विमा कंपनीला कळवणं. ही नोंद राहिली तर पुढच्या अपघाताच्या दाव्यात सर्व्हेयर तोच क्रमांक आधी तपासतो.