कलर ब्रिज नऊ महिने वापरल्यावर: आंबा आणि वीट

हापूसच्या पेटीवरच्या लेबलाला आम्ही पॅन्टोन ऑरेंज ०२१ वापरतो, म्हणजे पॅन्टोन कंपनीच्या ठरावीक नाव-क्रमांकांच्या रंगांतला केशरी. छपाईच्या नेहमीच्या चार रंगांनंतर पाचवी शाई, स्वतंत्र प्लेट. गेल्या हंगामात गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर टाकायला तेच लेबल हवं होतं. चार रंगांत छापायला केलेली फाइल हाताशी होती. ती उघडली, सीएमवायकेची (छपाईचे चार रंग) आरजीबी (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) केली, जेपीजी पाठवली. दहा मिनिटांत देवगडहून फोन आला, "अहो, हा आंबा आहे की वीट?"

चूक माझीच. किरमिजी आणि पिवळा एकमेकांवर छापून तो केशरी मिळतच नाही. रंग आधीच मरतो. मग आरजीबीत नेला तरी मेलेलाच राहतो, गेलेला तजेला परत येत नाही. त्यानंतर पॅन्टोनचं कलर ब्रिज हे शेडकार्ड घेतलं. स्वस्त नाही, पण आता रोज हातात असतं.

पानावर एकाच रंगाचे दोन पट्टे असतात: एक खऱ्या शाईचा, दुसरा त्याच्या चार रंगांतल्या नकलेचा. खाली सीएमवायके, आरजीबी आणि वेबचे आकडे. ऑरेंज ०२१ चे दोन पट्टे शेजारी पाहिले की गिऱ्हाइकाला पाचव्या प्लेटचे पैसे का द्यायचे ते न बोलता कळतं. माझ्या दृष्टीने निम्मे पैसे तिथेच वसूल.

आर्ट पेपरसाठीच्या त्याच रंगाचा, म्हणजे ऑरेंज ०२१ सी चा आरजीबी आहे २५४, ८०, ०. लाल जवळपास पूर्ण, निळा शून्यावर टेकलेला, म्हणजे त्या बाजूला पडद्याची हद्द संपली. तरी विटेपेक्षा कितीतरी बरा. आता पडद्यासाठी छपाईची फाइल बदलत बसत नाही. वेगळी आरजीबी फाइल करून हेच आकडे हाताने टाकतो.

नावापुढचं सी (कोटेड, म्हणजे आर्ट पेपर) आणि यू (अनकोटेड, म्हणजे मॅपलिथोसारखा साधा कागद) मी बरीच वर्षं हलक्यात घेत होतो. शाई तीच असते, कागद वेगळा. मॅपलिथोवर ती आत शोषली जाते, रंग बसका दिसतो, म्हणून यू चे आरजीबी आकडेही वेगळे.

सोनेरीच्या बाबतीत मात्र आकड्यांवर जाऊ नका. लग्नपत्रिकेचा ८७१ घ्या: १३२, ११७, ७८. पडद्यावर टाकलात तर सरळ खाकी दिसतो, आणि वधूपित्याला ते समजावणं अवघड. छापलेलं सोनं कागद हलवला की चमकतं ते शाईतल्या धातूच्या भुकटीमुळे. एका सपाट आकड्यात ती चमक बसणार कशी? पडद्यासाठी मी छापलेल्या पत्रिकेचा तिरक्या उजेडातला फोटोच देतो.

पॅन्टोनची ही रंगांची पद्धत लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३ मध्ये आणली तेव्हा डोळ्यांपुढे छापखाने होते. पडद्यांच्या आरजीबीचं प्रमाण, एसआरजीबी, १९९६ चं. त्यामुळे पुस्तकातल्या आरजीबीला मी जवळचा अंदाज समजतो. त्यात गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर निळा प्रकाश कमी करणारं फिल्टर चालू असेल, तर तोही अंदाज गेला.

नोव्हेंबर २०२२ नंतर अडोबीच्या प्रोग्रॅममधून पॅन्टोनच्या बहुतेक लायब्ऱ्या (रंगांच्या तयार याद्या) गेल्या. हव्या तर पॅन्टोन कनेक्टची वर्गणी. माझं त्यावाचून चालतं. नवीन स्वॅच (रंगाची नोंद) करायचा, प्रकार स्पॉट (स्वतंत्र शाई) ठेवायचा, पुस्तकातलं नाव जसंच्या तसं द्यायचं. पडद्यावर तो कसाही दिसला तरी प्लेट स्वतंत्रच निघते. नावात एका अक्षराचा फरक पडला तर एकाच रंगाच्या दोन प्लेटा निघतात, म्हणून पाठवण्याआधी अॅक्रोबॅटमध्ये सेपरेशन, म्हणजे कोणत्या प्लेटा निघणार ते, पाहतोच.

ब्रिजमध्ये शाईच्या मिश्रणाचं प्रमाण नसतं. त्यासाठी फॉर्म्युला गाइड वेगळं लागतं. ऑरेंज ०२१ मूळ शाईंपैकीच असल्याने माझं अडलं नाही. दुसरं म्हणजे कागद आणि शाई उन्हाने, हाताळण्याने बदलतात. साधारण दर १२ ते १८ महिन्यांनी नवं शेडकार्ड घ्या, असं कंपनीच सांगते. तो खर्च धरूनच विकत घ्या. माझं कपाटात, अंधारात असतं, आणि मशीनमनला मी स्वतः उघडून दाखवतो. शाईच्या हातात देत नाही.